इंजिनावरची तीन बोटं

प्रिय सुदीपदादा,

जीप सुरू झाली, एवढंच तुला फोनवर सांगितलं. बाकीचं इथे लिहिते, पण पाठवेन असं वाटत नाही.

माझ्या जीपचं इंजिन संपलं म्हटल्यावर तू लगेच मित्राकडचं जुनं इंजिन इथल्या नजरबाद भागातल्या गॅरेजात पाठवलंस. वर पैसेही नको म्हणालास. ओवाळणी घालतानासुद्धा हात आखडणारा तू. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

काल मेकॅनिकने इंजिनावरचा तेलाचा थर पुसला. खाली लाल ऑइलपेंटची तीन बोटं उमटलेली दिसली, त्यातलं मधलं आखूड. दसऱ्यातल्या आयुधपूजेला बाबा शिलाई मशीनला कुंकू लावायचे आणि जीपच्या इंजिनाला ऑइलपेंट, कारण कुंकू तेलात टिकत नाही. त्यांच्या मधल्या बोटाचं टोक कात्रीत गेलं होतं, हे तुला मी काय सांगू?

बाबा गेल्यावर त्यांची जीप पिरियापट्टणला चोरीला गेली, असं तूच सांगितलंस.

आईने आज परत विचारलं, "चोर सापडला काय गं?" अजून नाही म्हटलं.

यंदा आयुधपूजेला नक्की ये. बॉनेट मी उघडेन. इंजिनाला बोटं आई लावणार आहे.

तुझी धाकटी,
रजनी