मालगुजाराच्या म्हशीची चरबी

नागपूर, डिसेंबर १९५८

लहानूदादा,

पत्राच्या डोक्यावर जयभीम लिहिला नाई. काऊन, ते खाली वाच.

मी बरा आहो. मायचा खोकला कमी झाला का?

गावचे रामाजी काल भेटले. म्हणे, तू मालगुजाराची मेलेली म्हैस ओढली, अन् मायच्या अंगावर मांस यावं म्हणून तिची चरबी तिले चोळून राह्यला. दीक्षा घेतली तवा 'मेलं ढोर ओढणार नाई' असं सगळ्यांत जोरात तूच ओरडला होता नं?

अन् अक्कल तरी? इथं कॉलेजात प्रयोगशाळेतल्या बरण्या धुवून झाल्या का मास्तर मलेही सूक्ष्मदर्शकातून पाहू देते. वासराच्या चरबीच्या पेशीत आधी बारीक बारीक थेंब दिसते. गरजेपेक्षा जास्त खाल्लं का ते मिळून एक मोठा थेंब होते, पेशी टम्म फुगते. उपास पडले का थेंब सरते, पेशी रिकामी पडून राह्यते. ती खाऊनच भरते, वरून चोळून नाई. तू मोठा आहे म्हणून गधडा लिहीत नाई.

ती म्हैस सरकीची ढेप खाऊन भरली होती. मायनं जलमभर आपल्या दोघायच्या ताटात वाढलं अन् सोता पाणी पिऊन झोपली.

रामाजीसंग शेंगदाणे अन् गूळ पाठवतो. मायलेच देजो. त्यातला एक दाणा तू खाल्ला तर याद राख.

चरबीचा डब्बा मालगुजाराच्या दारात ठेवून येजो. ठेवला का कळवजो, मंग लिहितो जयभीम.

तुहा भाऊ,
प्रेमदास