सुवर्णावरची माशी

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. खडीही मजेत आहे. तिच्या खिशातले दगड कपडे धुण्याच्या मशीनमध्ये गेले, त्यामुळे मशीन मात्र मजेत नाही. दहा वर्षांच्या मुलीला लाडाने खडी म्हणायला लागलो, ती चूक आपलीच.

बातमी अशी, की आपले चुलत बंधुराज, म्हणजे तिचे मुख्याध्यापक, स्वतःचा 'तीस वर्षांचा खनिजसंग्रह' शाळेला अर्पण करताहेत. समारंभ वीस तारखेला. त्या दालनात फरशी बसवायचं काम माझ्याकडे आलं. काल बसवता बसवता वर पाहिलं, तर कपाटात अण्णांची पेटी. तिच्या कोपऱ्यावरची पितळी पट्टी मी लहानपणी वाकवली होती, ती तशीच वाकडी. खाणीवर नमुने तपासायच्या नोकरीत अण्णांनी एकेक करून वेचलेले एक्केचाळीस दगड. चिठ्ठ्या नव्या, बंधुराजांच्या अक्षरात, प्रत्येकीवर संग्राहक म्हणून त्यांचंच नाव. मधोमध दिव्याखाली सतरा नंबर, 'सुवर्ण'.

अण्णांच्या शेवटच्या आजारात 'आठ दिवसांत चिठ्ठ्या उतरवून परत देतो' म्हणून बंधुराजांनी ती नेली होती. पेटी आली का, असं अण्णा रोज विचारायचे. काल माझे दोन्ही हात सिमेंटने भरलेले होते, ते बरं झालं.

खडीला आजोबांच्या पेटीचं हे सांगितलेलं नाही. तिला घरच्या घरी दगड ओळखायला शिकायचंय. अण्णांनी ते तुला शिकवलं. मी तेव्हा पट्ट्या वाकवत होतो. तिच्यासाठी चार ओळी पाठव. राग आवर असं म्हणणार नाही, त्याचा कधी उपयोग झाल्याचं स्मरत नाही.

लोभ आहेच, पत्र लांबलचक असावं.
तुझा भाऊ

७ जानेवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

पत्र वाचून मी दोन तास बागेतलं गवत उपटलं. गवताचा काहीएक दोष नव्हता.

सतरा नंबर सोनं नव्हे. तो अण्णांचा सुवर्णमाक्षिक. गंधक आणि लोखंडाचा खडा, पण सोन्यासारखा झगमगतो, म्हणून भलेभले फसतात. अण्णांनी त्याचे दोन तुकडे केले होते. दुसरा गेली अकरा वर्षं माझ्या टेबलावर कागद दाबून बसलाय, तो सोबत पाठवते. बंधुराजांनी चिठ्ठी उतरवताना 'माक्षिक' कुठे सांडलं कोण जाणे. संस्कृतात त्यांना पस्तीस गुण पडत, तेही पर्यवेक्षकाला डुलकी लागली तर.

पुढचा मजकूर खडीसाठी.

चि. खडी, दगड बोलत नाही, पण विचारलं तर खोटंही सांगत नाही. आधी नखाने ओरखडून बघ. मग तांब्याच्या तारेने, मग खिळ्याने. शेवटी दगडाने जाड बरणीच्या बुडाची काच ओरखडून बघ, तेव्हा बाबांना शेजारी बसव. कोण कोणाला ओरखडतं, ते वहीत लिही. मग लोहचुंबक लाव. मग व्हिनेगरचा एक थेंब टाक. चुनखडी असेल तर फसफसेल, वेणी घालताना तू फसफसतेस तशी. सगळ्यात शेवटी कस. बाबांच्या फरशीची मागची, चकाकी नसलेली बाजू घे, तिच्यावर दगड घास आणि रेघेचा रंग बघ. अंगाचा रंग फसवतो, कसाचा फसवत नाही. सोन्याची रेघ पिवळी उमटते, सुवर्णमाक्षिकाची काळी, जराशी हिरवट. कसोटीच्या दगडाला संस्कृतात निकष म्हणतात. हे परीक्षेत येत नाही, तेव्हा लक्षात ठेव.

भाऊ, हे निव्वळ शिक्षण आहे. त्यात कुणाचं तोंड काळं झालंच, तर तो आनुषंगिक लाभ. पण तुझ्याशी आडपडदा कशाला? मला ती काळी रेघ बंधुराजांच्या चेहऱ्यावर उमटलेली हवी आहे, आणि बघायला पाहुणे हवेत.

लोभ असू दे, थोडा रागही असू दे.
ताई

१४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाहुण्यांपर्यंत थांबावं लागलं नाही. आठवडाभर खडीने घरातलं काहीच सोडलं नाही. उंबरठा, पाटा, माझ्या दाढीची तुरटी, सगळ्यांची नोंद वहीत आहे.

काल बंधुराजांनी तिच्या वर्गाला कपाट दाखवलं. सतरा नंबर हातावर घेऊन, सोनं ओळखायला नजर लागते, असं मुलांना सांगितलं. खडी उठून म्हणाली, की नजर नसली तरी चालतं, फरशी पुरते. दप्तरात फरशीचा तुकडा होताच. पोरं हसली, तेव्हा बंधुराजांनी मोठ्या मनाने परवानगी दिली. रेघ काळी आली. फरशी मळकी आहे, असं ते म्हणाले. तिने दुसरा तुकडा काढला. तोही मळका निघाला. मग तिने त्याच दगडाने दप्तरातल्या काचेच्या बरणीवर ओरखडा काढला आणि सोनं इतकं कठीण नसतं, असं फार अदबीने सांगितलं. अडतीस मुलांनी वह्यांत उतरवून घेतलं.

ताई, मी तिला पेटीबद्दल अजूनही सांगितलेलं नव्हतं. ते तिने स्वतःहून केलं. मला शिक्षकांनी निरोप दिला, की मुलं आता उरलेल्या चाळीस नंबरांवरही कस मागताहेत.

तुझ्या पुढच्या बेताच्या भीतीत,
भाऊ

१५ जानेवारी

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझ्या भाचीने शाळेत जे केले ते तुझ्या शिकवणुकीशिवाय शक्य नाही. सतरा क्रमांकाबाबत दोष माझा नसून तुझा आहे. अण्णांच्या चिठ्ठीवर 'सुवर्णमाक्षिक' असे स्पष्ट होते. सोन्यावर ही माशी कशाला, असे मी तेव्हा तुला विचारले. तू स्वयंपाकघरातून, दादा, हाकलून द्या तिला, असे म्हणालीस. मी विश्वासाने हाकलली.

समारंभ पाच दिवसांवर आहे. निमंत्रणे गेली आहेत. इतर चिठ्ठ्यांत अशाच चुका असतील, तर दगडांच्या नोंदींच्या मूळ वहीवरून तपासणे अगत्याचे आहे. अण्णांची वही तुझ्याकडे असल्याचे समजते. उलटटपाली पाठवावी.

तुझा दादा

१६ जानेवारी

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. इतकं सुख मला वाचनाने क्वचितच दिलंय. माशीची थट्टा मीच केली होती, हे कबूल. दुसऱ्याचं लिहिलेलं उतरवताना पानावरची मेलेली माशीसुद्धा तशीच काढणारा कारकून आपण ऐकून आहोत. होती ती उडवणारे तुम्ही पहिलेच.

पण 'अण्णांच्या चिठ्ठीवर' हे दोन शब्द तुम्ही तुमच्या हस्ताक्षरात, तारीख घालून लिहिलेत. ते पत्र मी जपून ठेवलंय. समारंभात वाचून दाखवण्याजोगं आहे. माझा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.

वही भाऊकडे पाठवली आहे. ती तुमच्या हाती जाणार नाही, खडी तिच्यातून वाचून दाखवेल. एक्केचाळीस चिठ्ठ्या नव्याने लिहायच्या. छापायच्या नाहीत, हाताने लिहायच्या. प्रत्येकीवर संग्राहक म्हणून अण्णांचं पूर्ण नाव. तुमचं नाव कुठेही नको, झाडून पुसून घेणारा म्हणूनसुद्धा नको.

आशीर्वादाची अपेक्षा ठेवत नाही.
ताई

२१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

समारंभ पार पडला. दोन दिवस शाळा सुटल्यावर बंधुराज खडीसमोर बसून लिहीत होते. ती शुद्धलेखन घालावं तसं सावकाश सांगत होती. 'माक्षिक' त्यांनी एकदाही चुकवलं नाही. मात्र सगळ्या चिठ्ठ्या झाल्यावर खडीने पाहिलं, की अण्णांच्या नावात दीर्घ हवा तिथे त्यांनी ऱ्हस्व काढलाय. मी म्हटलं, जाऊ दे. ती म्हणाली, की आत्या जाऊ देणार नाही. त्यांनी एक्केचाळीसही पुन्हा लिहिल्या.

भाषणात त्यांनी अण्णांचं नाव घेतलं, खाली बघून. मी मागे उभा होतो. या वेळी हात मोकळे होते, पण गरज पडली नाही. त्यांनी तुला चिठ्ठी दिली आहे, सोबत जोडतो. आता तरी राग सोडशील का, असं विचारून ठेवतो.

लोभ वाढता ठेव.
भाऊ

२४ जानेवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

दादांची चिठ्ठी पाहिली. मजकूर एका ओळीचा आहे, पण मायन्यात 'अनेक आशीर्वाद' नाहीत, 'सप्रेम नमस्कार' आहे. वयाने सहा वर्षांनी मोठा माणूस मला नमस्कार घालतोय. मी ती चिठ्ठी टेबलावर ठेवली आहे. सुवर्णमाक्षिक परत पाठव, तिच्यावर ठेवायचाय.

राग सोडण्याचं विचारतोस. नखाने पाहिलं, तारेने पाहिलं, खिळ्यानेही पाहिलं. ओरखडा नाही.

अण्णांच्या फोटोसमोर मात्र उभी राहिले आणि पेटी आली, तुमच्या नावाने शाळेत आहे, म्हणून सांगितलं. खडीला म्हणावं, काळ्या रेघेची ती फरशी धुऊ नकोस. आत्याला हवी आहे.

तुझी
ताई