मैनेच्या धवल्यांची व्यवस्था

मी, जयदेव हिराजी म्हात्रे, वय पंचाहत्तर, धंदा पूर्वी जासईच्या एका कंटेनर यार्डात संगणक सांभाळणे आणि आता काही नाही, राहणार तळवली गाव, घणसोली, नवी मुंबई, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसे जे: माझे डोके ठिकाणावर आहे, हृदय तेवढे नाही. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला जवळ कोणी राहत नाही.

१. गावठाणातले राहते घर माझा मुलगा प्रितेश याला मिळावे. तो कामोठ्याला राहतो. आम्ही बापलेक वीस वर्षे बोललेलो नाही. त्या अबोल्याचा घराच्या हक्काशी संबंध नाही.

२. सरकारने घेतलेल्या शेतजमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचा वाद भावकीत चालू आहे. माझा हिस्सा निघालाच तर तो प्रितेशची मुलगी रुतिका हिचा. तिने त्यावर डोळे लावून बसू नये. आमच्यातले काही जण तसेच बसून गेले.

३. बँकेतली ठेव सून वैष्णवी हिला. साताऱ्याकडची पोर, लग्न होऊन आली तेव्हा आमची बोली ऐकून हसायची. पुढे माझा निरोप नवऱ्याला आणि नवऱ्याचा मला, हेच तिच्या नशिबी आले. या कामाबद्दल तिला कोणी कधी बरे म्हटले नाही. मी म्हणतो.

४. सोल्डरिंग गन, स्क्रू ड्रायव्हर आणि वायरींचा डबा यार्डातला माझा सोबती कमळाकर याला. त्यातले निम्मे त्याचेच आहे. तो विसरला असेल.

५. आता माजघरातला लिनक्सचा जुना संगणक. याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण घर याच्यामुळे फुटले.

माझी पत्नी मैना धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नांत हळदीपासून प्रत्येक विधीला धवलारीण धवले, म्हणजे त्या विधीची गाणी, गाते. ती एक ओळ म्हणते, बाकीच्या बाया पुढची उचलतात. एका हौशी मंडळाने मैनेचे धवले रेकॉर्ड केले आणि ते ब्राउझरमध्ये वाजावेत म्हणून स्वतःचा प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, बनवला. मैनेने त्या पोरांना बजावले होते, "मी येकटी नाय बोलनार. माज्यापाठी बाया बोलतील, तवर मी थांबीन." म्हणून प्लगइन प्रत्येक ओळीनंतर थांबतो. स्पेसचे बटण दाबले की मैना पुढे सरकते.

मैना गेल्यानंतर घरातले पहिले लग्न माझ्या पुतणीचे. हळदीच्या मंडपात संगणक मांडला, बाया चुडे सारून बसल्या, आणि मैनेच्या जागी नुसता राखाडी चौकोन. आवाज नाही, चूक दाखवणारी ओळ नाही. प्रितेशने आदल्या दिवशी ब्राउझर अपडेट केला होता. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "आयशीचा गला दाबलास तू."

"मी नुसता अपडेट केला, बाबा. माजा काय चुकला?" तो म्हणाला, आणि हळद उतरायच्या आत बायको-मुलीला घेऊन निघून गेला.

कारण नंतर सापडले. ब्राउझर टर्मिनलमधून चालू केला तेव्हा एक ओळ आली, अनडिफाइन्ड सिम्बल. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देतो तो कंपायलर. प्लगइन जुन्या कंपायलरमधून निघालेला, नवा ब्राउझर पुढच्या आवृत्तीतून. दोघे आतल्या कामांना नावे वेगळ्या रीतीने देतात. एकाने मारलेली हाक दुसऱ्याला ओळखूच येत नाही. दोन्ही धडधाकट, पण एकत्र चालत नाहीत. प्लगइन नव्याने कंपाइल करावा, तर मंडळ मोडलेले आणि मूळ सोर्स कोणाकडे नाही. शेवटी कमळाकरने यार्डाच्या कपाटातून जुनी लिनक्सची सीडी शोधून दिली. जुना ब्राउझर परत घातला आणि मैना बोलली. हे मी वैष्णवीमार्फत कळवले. निरोप परत आला नाही.

हा संगणक रुतिकाला द्यावा. इंटरनेट जोडू नये. ब्राउझर अपडेट करू नये. तिने धवले मोबाईलवर घेतले आहेत, ते चांगलेच केले. पण मोबाईलमधली मैना थांबत नाही. रुतिकाने मधे मोकळ्या जागा घालून पाहिल्या, तर ती मोजून तेवढीच थांबते. मैना अशी मोजून थांबणारी बाई नव्हती.

६. माझ्याकडे प्रितेशबद्दलचा राग शिल्लक आहे. तो पुष्कळ झिजला, पण संपला नाही. तो कोणाच्या नावे करता येत नाही, म्हणून बरोबर नेतो. खरे सांगायचे तर आता ओझे उचलवत नाही.

७. रुतिकाचे लग्न येत्या फेब्रुवारीत आहे. मी आधी गेलो तर सुतक धरून ते पुढे ढकलू नये. हळदीला हा संगणक मांडावा आणि बटणापाशी प्रितेशने बसावे. लहानपणी तो आईच्या मांडीला टेकून दुसरी ओळ म्हणायचा. पोरे चिडवू लागली तेव्हा सोडले. मैना "पयला मान धरतरीला" म्हणेल आणि गप्प होईल. लोक म्हणतील, परत बंद पडला. तसे नसेल. त्याने सावकाश दुसरी ओळ म्हणावी. त्याची आई थांबेल.

पुरवणी. वरचा मजकूर सहीआधी भेटीला आलेल्या वैष्णवीने वाचला आणि मला न विचारता फोन घेऊन ओटीवर गेली. परत येऊन तिने प्रितेशचा निरोप त्याच्याच शब्दांत सांगितला: "बाबांना सांग, दुसरी वल येतं मना. तिसरी इसारलो. ती त्यांना बोलाला लागंल."

तरी कलम ७ मध्ये एवढा बदल करतो: तिसरी ओळ मी म्हणेन. तोवर मला जगावे लागेल, त्याला इलाज नाही.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि समजून सही केली.

जयदेव हिराजी म्हात्रे

आमच्यासमोर सही झाली, साक्षीदार:
मालतीबाई गजानन भोईर, शेजारीण
पंढरी काशिनाथ मढवी, तळवली

ठिकाण: तळवली, नवी मुंबई
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५