पुष्पाबाईंच्या शेजारची पात

९ जुलै २०१२

कंबर गेली! पेन धरवत नाही, तरी लिहिते आहे. आज धानाच्या रोवणीचा पहिला दिवस.

मोहाडीत विणकराच्या घरात जन्मले, हात सुतात वाढले. चिखलाशी कधी संबंध आला नाही. पण माग बंद पडला. आमचे हे राईस मिलमध्ये पोती वाहतात, पण नवं धान येईपर्यंत मिलला कुलूप. तेव्हा चूल सध्या माझ्या हातावर. सत्यभामाबाईंनी त्यांच्या रोवणीच्या टोळीत घेतलं, हेच नशीब.

सकाळी टेम्पोनं करडी गावाला. धानाचं शेत म्हणजे पाण्यानं भरलेली ही मोठी बांधी! सगळ्या बाया एका रांगेत वाकतात. प्रत्येकीची आपली पात — तेवढ्या पट्ट्यात रोपं लावत उलटं, मागे मागे जायचं. मागचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, पायाला लागला की पात संपली. मी सोडून सगळ्यांना लागला.

टोळी ठेक्यानं काम घेते आणि मजुरी सगळ्यांत सारखी वाटते. म्हणजे माझ्या ढिलाईचा भार सगळ्यांवर! पुष्पाबाई नावाच्या एक आहेत. त्यांनी माझ्यादेखत विचारलं, "इले काहून आणलं वो? हात पाह्य इचे, कापसावानी!"

सत्यभामाबाई एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून पुष्पाजवळ राहजो."

झालं! वाघिणीच्या शेजारी बिऱ्हाड.

१० जुलै

दिवसभर एकच मंत्र — "सरक थोडी!" पुष्पाबाई माझ्या बाजूला घुसतात, कोपर मारतात, मला बाजूला रेटतात. मान वर केली की ओरडतात, "मान खाली! इकडंतिकडं काय पाहून राहिली?"

एवढी मोठी बांधी, पण यांना माझीच जागा हवी!

१२ जुलै

पायाला चिखल्या झाल्या. हळद आणि तेल. लिहायला काही नाही.

१३ जुलै

आज मनापासून लिहिते. या बाया माणसं आहेत की काय!

सकाळपासून वाकलेल्या. पाठीवर पाऊस, पायाखाली चिखल, आणि तोंडं चालूच. एक गाण्याची ओळ टाकते, दुसरी उचलते, तिसरी त्यात चौथीच्या नवऱ्याचं नाव घालते. मग सगळी रांग हसते — पण हात थांबत नाही! मला हसायचं तर हात थांबवावा लागतो, आणि हात चालवायचा तर हसता येत नाही.

जेवण धुऱ्यावर. सगळ्यांचे डबे मध्ये उघडे. कोणाची आंबाडीची भाजी, कोणाचा नुसता भात आणि चटणी. माझ्याकडे काय आहे हे कोणी पाहिलं नाही, पण माझ्या भातावर भाजी आली. इतकी वर्षं मागावर एकटीनं बसून जेवले मी. आपण गरीब आहोत हे आज जेवताना आठवलंच नाही.

पुष्पाबाईंचा हातही पाहिला. मान्य करते, रागानं का होईना. रोप हातातून सुटलेलं दिसतच नाही. एकदम चिखलात उभं राहिलेलंच दिसतं. वय माझ्या आईचं!

पण स्वभाव? राम राम!

१५ जुलै

जमलं! आज सगळ्यांबरोबर धुऱ्याला टेकले. कालही टेकले होते, पण वाटलं, चुकून असेल. आज पक्कं. माझा हात सुटला!

आणि वेळेवर सुटला. जेवताना सत्यभामाबाईंनी सांगून टाकलं, "इथचं आटोपत आलं. मंग लाखांदूरले जाऊ, तिकडं लय काम हाय. पण जिचा हात मांगं राहीन, तिले मी नेत नाही. मंग रागावू नका."

मी मनातल्या मनात टेम्पोत बसलेसुद्धा! लाखांदूर मिळालं तर पोळ्यापर्यंत काळजी नाही. नाही मिळालं तर... ते लिहीत नाही.

१६ जुलै

आज भांडले. पुष्पाबाईंचं "सरक थोडी" पुन्हा सुरू झालं, आणि माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत म्हटलं, "तुमची पात तुम्ही धरा, माझी मी धरते. माझ्या पातीत घुसायचं काम नाही!"

पुष्पाबाई खाली वाकून रोवतच राहिल्या. मला वाटलं, बरी जिरली!

संध्याकाळी सत्यभामाबाईंना सांगितलं, मला यांच्याजवळ नको. त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं. "पक्कं?"

"पक्कं."

"बरं बाप्पा. तुही मर्जी."

१७ जुलै

शेजारी चंद्रकला होती. तिनं तिची पात धरली, मी माझी. कोणी कोपर मारलं नाही, कोणी ओरडलं नाही. मान वर केली तेव्हा सगळ्या धुऱ्यावर उभ्या होत्या, आणि मी बांधीच्या मधोमध.

मागे वळून पाहिलं. दोन्हीकडे हिरवं, मध्ये माझी पात उघडी, थेट धुऱ्यापर्यंत. आणि केवढी रुंद! एवढी रुंद पात माझी कधी नव्हतीच. इतके दिवस अर्धी कोणी रोवली ते तेव्हा कळलं. लाज वाटली. चिखलाच्या हातानं डोळेही पुसता येईनात.

सत्यभामाबाई पाहत होत्या.

मग पुष्पाबाई लुगडं खोचून धुऱ्यावरून खाली उतरल्या. येता येताच ओरडल्या, "सत्यभामा, लाखांदूरले इले माह्याजवळच ठेवजो!" माझ्याशेजारी येऊन वाकल्या. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"सरक थोडी."

सरकले.