चंद्राच्या जरा बाजूला

लक्ष्मी गेट, झाशी
३ फेब्रुवारी २०२६

प्रिय अमोघदादा,

तुला आणि शिल्पावहिनीला नमस्कार. वहिनीचा खोकला थांबला का? इकडे थंडी उतरायला लागलीय, दुपारी स्वेटर नको होतो. बाबांचं जेवणखाण व्यवस्थित आहे. कारखान्यात वर्षअखेरीची कामं आत्तापासूनच डोक्यावर बसलीत, त्यामुळे मी घरी पोचते तेव्हा गल्लीतले दिवे लागलेले असतात.

फोन सोडून पत्र कसं, असं तुला वाटेल. फोन स्पीकरवर असतो आणि बाबा शेजारीच बसलेले असतात, म्हणून.

रविवारी पौर्णिमा होती. बाबांना समथरला घेऊन गेले. किल्ल्यामागून चंद्र वर येतानाचा फोटो त्यांना फार वर्षांपासून हवा होता. आई असताना दोघं एकदा जाऊन आले होते, पण ऐन वेळी ढग आले. या वेळी आभाळ स्वच्छ होतं. गावाच्या पश्चिमेला, किल्ला समोर दिसेल असं एक शेत सापडलं. सरसों इतकी फुललेली की डोळे दिपावेत. शेतमालकाला विचारलं तर तो म्हणाला, "काय नईं बिटिया, बाबूजी खों इतै मेड़ पे बिठा दो." बाबांना हात धरून बांधावर बसवलं आणि ट्रायपॉड उभा केला.

आता पुढचं लिहिताना मी मघापासून उठतेय, पाणी पितेय, परत येतेय.

कॅमेऱ्यामागे मी होते, दादा. बाबा बांधावरून सांगत होते आणि मी करत होते.

"फ्रेममध्ये सरसों किती आलीय?"

"अर्ध्याहून जास्त."

"फार झाली. पिवळा रंग आरडाओरडा करतो, मग चंद्राकडे कोण बघणार? खाली एक पट्टी ठेव फक्त. किल्ला उजवीकडे घे. त्याचं वजन मोठं आहे, चंद्राला डावीकडे मोकळं आकाश दे. आणि रंगाचं कॅमेऱ्यावर सोडू नकोस, डेलाइटवर ठेव. नाहीतर तो चंद्राचा तांबूसपणा पुसून पांढराफटक करेल."

आमच्या पाठीमागे सूर्य टेकला होता. किल्ल्याच्या भिंतींवर गुलाबी उजेड, त्यामागे खाली निळसर जांभळी पट्टी. आणि त्या पट्टीतून चंद्र आला. भाजलेल्या विटेच्या रंगाचा, एवढा मोठा. मी "आला!" म्हणून ओरडले.

बाबांनी त्या दिशेला तोंड केलं. मग मान जराशी वळवली आणि चंद्राच्या बाजूला, रिकाम्या आभाळाकडे बघत राहिले.

"सरळ बघितलं की जातो गं," ते म्हणाले. "बाजूला बघितलं की थोडासा येतो. लाल आहे का?"

"तांबूस आहे. खालची कड जास्त."

"मग उजेड आणखी कमी कर. जाळू नकोस त्याला."

दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. उजव्या डोळ्याचं आता काही होणार नाही, डाव्यात इंजेक्शनं देऊन आहे तेवढं टिकवायचं, असं ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी सांगितलं. हे गेल्या पावसाळ्यातलं. तेव्हापासून बाबांच्या नावाने तुला आलेले सगळे फोटो मी काढलेत. बरुआसागरच्या तळ्याचा, जो तू मोठा करून दिवाणखान्यात लावलास, तोसुद्धा. "बाबांचा हात अजून तसाच आहे," असं तू म्हणालास, तेव्हा ते इतके खूश झाले की मी गप्प राहिले. तुला सांगायचं नाही, ही त्यांचीच अट. अमोघला कळलं की तो मला पुण्याला नेऊन बाराव्या मजल्यावर ठेवेल, म्हणतात. इथली गल्ली त्यांना पायांनी माहीत आहे.

मी रोज सकाळी पेपर वाचून दाखवते, मग डबा, मग ऑफिस. संध्याकाळी औषधाचे थेंब, स्वयंपाक, आणि बाबांनी दिवसभरात चुकीच्या जागी ठेवलेल्या वस्तू शोधणं. दर महिन्याला ग्वाल्हेर. यातलं एकेक काम काही फार नाही, पण सगळं मिळून मला आता उठवत नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा झोपून उठते ती दमलेलीच.

फोटो चांगले आले. चंद्र वर चढला, पांढरा झाला, तेव्हा मी ट्रायपॉड मिटायला घेतला आणि त्याचा एक पाय काही केल्या आत जाईना. तेवढ्यावरून मला रडू फुटलं. भर शेतात, शेतमालकासमोर. तो बिचारा लांब निघून गेला.

बाबा बांधावरून चाचपत उठायला लागले. मी धावले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"दमलीस ना, शालू?"

मी नेहमी नाही म्हणते. या वेळी हो म्हटलं.

 गाडीत बसल्यावर, वाटेतलं मोंठ गाव मागे पडल्यावर बाबा म्हणाले, "अमोघला लिही. सगळं लिही. मला ते वाचून दाखवायची गरज नाही."

सोबत फोटो पाठवतेय. आत्ता हे लिहिताना ते पलीकडच्या खोलीत रेडिओ लावून बसलेत. आवाज मुद्दाम मोठा ठेवलाय, मी काय करतेय ते ऐकू येऊ नये म्हणून.

दादा, मला चांगल्या डॉक्टरांचे नंबर पाठवू नकोस. व्हिडिओ कॉल करून बाबांना ओरडूही नकोस. मार्चमध्ये मला भोपाळला तीन आठवडे ट्रेनिंग आहे. मागच्या वर्षी हेच मी नाकारलं होतं. काल साहेबांना हो सांगून आले. ते तीन आठवडे तू इथे असशील. विचारत नाहीये, कळवतेय. बाबांना सकाळी आल्याचा चहा लागतो, आणि रस्ता ओलांडताना हात आपण धरायचा नसतो, आपला त्यांना धरू द्यायचा असतो.

वहिनीला माझ्यावर रागावू देऊ नकोस. तू रागावलास तरी चालेल, पण इथे येऊन रागाव.

तुझी वाट बघून थकलेली, तरी बघणारी,
शाल्मली