शेवटचं पान आधी

३ जानेवारी

आले एकदाची. खोली ऐसपैस, खिडकीला नवा पडदा, नळाला गरम पाणी. काम असं की सांगितलं तर लोक हसतील. कॅन्सरच्या नव्या औषधाची चाचणी ज्यांच्यावर चालली आहे, त्या रुग्णांना दुपारी पुस्तकं वाचून दाखवायची. बदल्यात राहणं, जेवण आणि माझ्याही गाठीवर तेच औषध. तपासण्या झाल्या की सुरू करणार. डाव्या काखेत आहे गाठ, सुपारीएवढी.

जाऊबाई म्हणाल्या, फुकट औषध देतायत म्हणजे तुम्ही त्यांच्या प्रयोगाचा ससा. मी म्हटलं, ससा तर ससा, गाजर तरी मिळेल.

५ जानेवारी

माझे श्रोते तिघं. एक बसचालक, एक शिंपीणकाकू आणि घशाच्या ऑपरेशनात आवाज गेलेले एक आजोबा, त्यांना सगळे मौनीबाबा म्हणतात. तिघांनाही आधीच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. आता दोन वेळा जेवतात आणि जेवणाला नावंही ठेवतात.

मी शाळेत गेलेली नाही. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले, त्यामुळे ओळीखाली बोट ठेवायची सवय सुटत नाही. आमच्या ह्यांनी त्यावरून मला मास्तरीणबाई हे नाव पाडलं होतं. चौघांत नाही, घरातल्या घरात. आज बोट जरा अडखळलं तर चालक म्हणाला, ताई, पुढे सिग्नल लागलाय का?

९ जानेवारी

नवं पुस्तक काढलं. चालक म्हणाला, शेवटचं पान आधी वाचा.

आमचे हेही प्रत्येक पुस्तकाला असंच म्हणायचे. मी म्हणायची, शेवट शेवटीच. असे पुष्कळ लोक असतात म्हणा.

१२ जानेवारी

आज शिंपीणकाकूंनीही शेवटचं पान मागितलं. ऐकताना कानाची पाळी दोन बोटांत चोळत होत्या. अगदी हे चोळायचे तशी.

चालकाचं ऐकून म्हणाल्या असतील. त्याला विचारलं, तर म्हणाला, मी कधी मागितलं? थट्टा करत नव्हता.

१५ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी कौतुकाने औषधाचं कपाट दाखवलं. आत अंगासारखी ऊब आणि गुलाबी पाण्याच्या बाटल्या. एका माणसाच्या मानेतून काढलेली गाठ त्यात इतकी वर्षं वाढते आहे, मरतच नाही. औषध तिच्यापासूनच करतात. रोज खायला घालावं लागतं म्हणाल्या. दुभती गाय दाखवावी तसं चाललं होतं.

माणूस कोण, विचारलं. नावं नोंदवत नाहीत म्हणाल्या. इस्पितळ कोणतं, ते मात्र सांगितलं.

ह्यांची गाठ तिथेच काढली होती. मानेतली. ट्रेमध्ये ठेवून मला दाखवलीही होती. हिचं पुढे काय करता, विचारलं तर सर्जन म्हणाले, जाळून टाकतो.

१८ जानेवारी

खात्री करायचीच होती. ट्रंकेतून ते पुस्तक काढलं. ह्यांना वाचून दाखवत असताना, एका प्रकरणाच्या मध्येच हे गेले. तिथे दोरा घालून ठेवला होता. पुढे मीही वाचलेलं नाही.

दुपारी तिघांसमोर सुरुवातीपासून वाचायला घेतलं. थोड्या वेळाने तिघंही माझ्याबरोबर म्हणू लागले. शब्दन् शब्द. मौनीबाबांचे नुसते ओठ हलत होते. दोऱ्यापाशी तिघं एकदम थांबले.

मग चालक म्हणाला, "पुढे वाच ना, मास्तरीणबाई."

हे नाव इथे कुणालाही माहीत नाही.

१९ जानेवारी

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, दुःख फार दिवस आत ठेवलंत म्हणाल्या. तिघांना काहीच आठवत नाही. फोनवर जाऊबाई म्हणाल्या, तशाच निघा.

निघून जाऊ कुठे? गाठ वाढली आहे. औषध नाही घेतलं तर हा उन्हाळाही निघणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. आणि ह्या तिघांच्या गाठी विरघळल्या, हेही खरंच आहे.

२१ जानेवारी

बॅग भरली. दारात तिघं उभे. अडवलं नाही. नुसते कानाच्या पाळ्या चोळत—

बॅग परत रिकामी केली. भीतीने, की आणखी कशाने, लिहवत नाही.

२७ जानेवारी

औषधाची सुई घेतली. कुणी जबरदस्ती केली नाही.

२ फेब्रुवारी

गाठ निम्मी झाली. भूक लागते. दुपारी बोटांत काहीतरी मऊ लागलं. पाहिलं तर माझाच कान—

४ फेब्रुवारी

गाठ नाही. चाचपून पाहिलं, खरंच नाही. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी. आता हे औषध सगळीकडे देणार म्हणाल्या. वॉर्डच्या वॉर्ड. लहान मुलांनासुद्धा.

नको म्हणायला तोंड उघडलं. पण मग ती मुलं—

काय सांगू त्यांना? देऊ नका? की—

६ फेब्रुवारी

वही उघडली ती उलटी. शेवटच्या पानावर. मी नाही उघडली. हात आपोआप—

किती वेळा सांगितलं, आधी हेच पान. बघ, आलीस की नाही. आता तो दोरा काढ, मास्तरीणबाई. ओळीखाली बोट ठेव आणि सावकाश वाच. घाई नाही. आम्ही सगळे ऐक—