नऊ बाय सात

प्रिय नणंदबाई,

लग्नाला सहा वर्षं झाली, तुला एकदाही नणंदबाई म्हटलं नाही. आज म्हणते, कारण आज मी सगळ्या जगावर चिडले आहे आणि तुला एकटीला वगळलं तर बरं दिसणार नाही. फोन केला की "मजेत आहे, वहिनी, तू जप," एवढं बोलून तू ठेवून देतेस. म्हणून लिहायला बसले. सातवा महिना संपत आला आहे. खाली पडलेली वस्तू मी आता वाकून नाही, पायाने चाचपून ओळखते. अशा बाईने शांत राहावं अशी अपेक्षा कोणी करू नये.

आधी तुझ्या दादाचं सांगते. हा माणूस आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजतो. टेकडीपलीकडची हद्द याला वीतभर चुकत नाही. पण घरातली नऊ बाय सातची खोली बाळासाठी लावायला महिना झाला, अजून जमत नाही. पहिला आठवडा नकाशा काढण्यात गेला. नकाशात उत्तर दिशेचा बाणसुद्धा आहे. बाळाला उत्तर दिशा कशाला लागते, ते यालाच ठाऊक. मग कॉटचं माप सुताराला लिहून दिलं. सुताराने कॉट सुंदर केली, गज गुळगुळीत, कोपरे गोल. घेऊन आला आणि दारातच अडकला. खोलीचं दार अठ्ठावीस इंची, कॉट चौतीस इंची. आडवी केली, उभी केली, दार बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवलं, तरी चौकट काही हलेना. सुतार म्हणाला, "साहेबांनी लिहून दिलं तसं केलंय मी." साहेब म्हणाले, "बघू, घाई काय आहे?" घाई काय आहे! मी पोटाकडे बोट दाखवलं आणि आत निघून गेले.

चार दिवस कॉट बैठकीच्या खोलीत होती. पेपर, छत्री, तुझ्या दादाचं जॅकेट, सगळं तिच्यात झोपत होतं.

रंगाचं तर विचारूच नकोस. डब्यावर पाहिला तो सायीसारखा पिवळट होता. भिंतीवर आला तेव्हा खोली कावीळ झाल्यासारखी दिसायला लागली. रंगारी म्हणाला, "ताई, वाळला की उतरतो." वाळला आणि आणखी चढला. मग म्हणाला, "ताई, नजर बसली की आवडायला लागतो." नजर काही बसली नाही, मीच डोकं धरून बसले. त्यात माझी आई रोज सकाळी फोन करून यादी सांगते. दुपटी इतकी, लंगोट इतके, कपाटाचा खालचा खण तेलापावडरीला, वरचा औषधांना. तिचं सगळं ऐकलं तर खोलीत सामान मावेल आणि बाळाला जिन्यात ठेवावं लागेल.

रविवारी मी चिडून स्वतःच पडद्याचं माप घ्यायला त्या खोलीत गेले. माप घेताना दम लागला म्हणून जमिनीवर भिंतीला टेकून बसले. सुतार आला होता, तुझा दादा त्याला स्वयंपाकघरात चहा देत होता. त्या भिंतीत वरती जी जाळी आहे ना, तिच्यातून त्यांचा शब्दन् शब्द मला ऐकू येत होता. चमचा कपात फिरल्याचासुद्धा आवाज. तुझा दादा त्याला सांगत होता, "भिंतीतलं फडताळ काढू नका. बहिणीचं आहे ते. अकरा वर्षांची असल्यापासून तिची पुस्तकं तिथं आहेत. येईल ती परत. तुम्ही सावकाश करा." मग थोडं थांबून म्हणाला, "खरं तर काही केलंच नाहीत तरी चालेल."

एवढ्या जमिनी मोजणाऱ्याचं माप सहा इंचांनी का चुकलं, ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. महिनाभर या माणसावर ओरडत होते गं मी. पण त्याचा राग मला दोन मिनिटंसुद्धा टिकवता आला नाही, कारण लगेच दुसरी गोष्ट ध्यानात आली. सहा वर्षांत मी तुझ्या खोलीत कधी अशी एकटी, गप्प बसलेच नव्हते. स्वयंपाकघरातलं बोलणं तिथे इतकं स्पष्ट ऐकू जातं हे मला माहीतच नव्हतं. तुला मात्र लहानपणापासून माहीत होतं.

तू गेलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी मी ओट्याजवळ उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. तू चष्म्याच्या दुकानातून लवकर आली होतीस, डोकं दुखतंय म्हणून दार लोटून पडली होतीस. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तू हसत म्हणालीस, "मला दुकानापासून चार मिनिटांवर खोली मिळतेय. तुम्हालाही बाळासाठी जागा होईल." आम्ही म्हटलं, किती समजूतदार मुलगी. मी तर तुला कपडे भरायला मदत केली. मोठ्या उत्साहाने केली. ते आठवलं की आता कानशिलं तापतात.

रात्री तुझ्या दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? तिला सांग." आणि कूस बदलून झोपला, किंवा झोपल्यासारखं केलं. सकाळी मी दोन कामं केली. कॉट आमच्या खोलीत हलवून घेतली. त्या दारातून ती सरळ आत गेली. माझं आरशाचं टेबल बाहेर काढलं, कॉट खिडकीशी बसली. मग रंगाऱ्याला बोलावून तुझ्या भिंती पुन्हा पांढऱ्या करायला सांगितल्या. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू माझंच डोकं ठिकाणावर नाही. आई फोनवर म्हणाली, "अगं, मग खोलीत ठेवणार काय?" म्हटलं, ज्या माणसाची खोली आहे त्याला विचारते.

आता ज्यासाठी एवढी पानं खरडली ते लिहिते. कोर्टात मी दिवसभर लोकांची वाक्यं जशीच्या तशी उतरवून घेते, त्यामुळे "तसं म्हणायचं नव्हतं" हे किती लंगडं असतं ते रोज पाहते. म्हणून माझंही वाक्य जसंच्या तसं लिहिते. मी आईला म्हणाले होते, "खोली रिकामी कुठे आहे? बसली आहे ना ती उरावर. हिचं लग्न होत नाही आणि आमची खोली सुटत नाही." आणि वर हसले होते. तू ते ऐकलंस, आणि तरी जाताना माझ्या पोटावर हात ठेवून गेलीस. या घरात मी येण्याआधी तू होतीस. बाळ सांभाळायला म्हणून मी तुला बोलावत नाही, आणि तू परत यायलाच हवंस असंही माझं म्हणणं नाही. तुझी नवी खोली तुला आवडली असेल तर तिथेच राहा. पण शनिवारी दुकान बंद व्हायच्या वेळेला मी तिथे येणार आहे. तुझं सामान न्यायला नाही, समजूत घालायलाही नाही. इतके दिवस फोनवर तू जे बोलली नाहीस ते सगळं बोल. मी समोर उभी राहून ऐकून घेईन.

तुझीच,
वहिनी